झाकणावरचा फराटा

"तिला विचार, खाल्लं का ते," सासरे म्हणाले.

मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते. तोंडात घास होता आणि हातात भरलेला चमचा. पण आमच्या घरात सासरे माझ्याशी थेट बोलत नाहीत. भांडण वगैरे काही नाही, माणूसच मुखदुर्बळ. लग्न होऊन आले तेव्हापासून "तिला सांग, पंखा बंद कर", "तिला विचार, चहा घेणार का" असंच चाललंय. मधे सासूबाई उभ्या असतात आणि इकडचं तिकडे पोचवतात.

सासूबाईंनी इमानेइतबारे विचारलं, "खाल्लंस का गं?"

"खातेय," मी म्हणाले.

सासऱ्यांनी पुढे होऊन माझ्या हातातला चमचा काढून घेतला. भरदुपारची वेळ, डोक्यावर कारखान्याची टोपी, पायांत बूट तसेच. बूट घालून ते स्वयंपाकघरात कधी आले नव्हते, त्यामुळे सासूबाईंचं लक्ष आधी तिकडेच गेलं.

"अहो, बूट."

"जंतू सापडलेत," सासरे म्हणाले. "आमच्या डिपमध्ये. दुकानांतून सगळा माल परत मागवलाय. टीव्हीवर सांगतायत, पोटुशा बायकांनी तर हातसुद्धा लावू नका."

मग बुटांचं कोणी काही बोललं नाही. माझा सातवा महिना चालू होता.

सासरे डिपच्या, म्हणजे पावाला-बिस्किटाला लावून खायच्या घट्ट चटणीच्या कारखान्यात झाकणाच्या मशीनवर होते. डबा भरून पुढे आला की त्यावर झाकण बसवायचं, झाकणावर तारखेचा शिक्का मारायचा आणि शाई वाळली की नाही ते अंगठा फिरवून बघायचं. त्या अंगठ्याची काळी शाई साबणाने जायची नाही की कशाने जायची नाही. झाकणं लावता लावता यांनी स्वतःच्या तोंडालाही एक लावून टाकलं, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

शिक्का बिघडलेले डबे दुकानात जात नाहीत. दर शनिवारी कामगार ते वाटून घेतात. सासरे कधी घेत नसत, लाज वाटायची त्यांना. पण मला दिवस गेले, आणि पोटात पाणी ठरेना. एकदा कुठल्याशा समारंभात त्यांच्या कारखान्याचं लिंबू घातलेलं हरभऱ्याचं डिप खाल्लं, तेवढं मात्र ठरलं. मी कोणाला काही बोलले नव्हते. पुढच्या शनिवारी फ्रिज उघडला तर अगदी पुढे, हाताला येईल असा डबा. "तिला सांग, आणलंय," एवढंच. तेव्हापासून एकही शनिवार चुकला नाही. एवढी माया तर परगावी नोकरीला असलेल्या माझ्या नवऱ्याला बोलूनही दाखवता आली नसती, आणि तो बोलायला काही कमी नाही.

"पण सगळंच खराब नसेल ना?" सासूबाईंनी विचारलं. "कुठल्या तारखेचं खराब आहे?"

सासऱ्यांनी तारीख सांगितली. सासूबाईंनी टेबलावरचं झाकण उचलून उजेडात धरलं. तारखेच्या जागी नुसता काळा फराटा. म्हणजे झालं काय, ज्याच्या-त्याच्या घरी झाकण बघून कळणार होतं, फक्त झाकणवाल्यांच्या घरी कळणार नव्हतं.

"फ्रिजमधले सगळे डबे काढ," सासरे म्हणाले.

आता मात्र सासूबाई अडल्या. कारण आमच्या सासूबाई रिकामा डबा टाकत नाहीत. इतका चांगला डबा, घट्ट झाकणाचा, तो टाकायला जीव होत नाही त्यांचा. सासऱ्यांनी फ्रिज उघडला आणि एकासारखे एक डबे बाहेर यायला लागले. पहिल्यात सोललेला लसूण. दुसऱ्यात कालचा भात. तिसऱ्यात केसांचा कलप, त्याचा सासऱ्यांनी जवळ नेऊन वास घेतला आणि नाकाला काळं लागलं. चौथ्यात बटणं.

"बटणं फ्रिजमध्ये?" मी विचारलं.

"बाहेर ठेवला की हा डबा सापडत नाही, म्हणून आत ठेवला असेल मी," सासूबाई म्हणाल्या, आणि यात काही चुकलं आहे असं त्यांच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हतं.

सगळं फेकलं. लसूण, भात, कलप. बटणंसुद्धा, कारण सासरे ऐकेनात. मग त्यांनी तसंच, नाकावर कलप घेऊन, टॅक्सी आणली.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, "या जंतूंनी आईला साधा ताप येतो, पण बाळाला धोका असतो. तुमच्या डब्यात जंतू होते की नाही ते माहीत नाही. आत्ता ताप नाही, बाळ हलतंय. हे लगेच उमटेलच असं नाही, तेव्हा बाळ होईपर्यंत लक्ष ठेवायचं. अंग जरा कोमट लागलं तरी धावत यायचं."

सासूबाईंना एवढंच हवं होतं. त्यांनी थर्मामीटर कमरेला खोचला. मी जांभई दिली की तोंडात थर्मामीटर. भाजी निवडायला बसले की तोंडात थर्मामीटर. एकदा ताप भरला. घरभर धावाधाव, सासरे एका पायात स्वतःची आणि एका पायात शेजाऱ्यांची चप्पल घालून टॅक्सीमागे पळाले. दवाखान्यात पुन्हा मोजला तर काही नाही.

"आधी गरम चहा प्यायला होता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

सासूबाई छताकडे बघायला लागल्या.

हसत होतो आम्ही. पण दर वेळी पारा बघेपर्यंत मी पोटावर हात ठेवून बाळ हलतंय का ते बघायचे, आणि दाराआडून सासऱ्यांची सावली हलायची नाही.

कारखाना धुवायला बंद ठेवला होता. कामगारांना दुकानांच्या दारांत टेबलं टाकून बसवलं, परत येणारे डबे घ्यायला. बोलायला हवं म्हणून कंपनीने प्रत्येकाकडून एक वाक्य पाठ करून घेतलं. सासऱ्यांची कीवच आली मला. तपासणीहून येताना आम्ही दोघी मुद्दाम ते बसायचे त्या दुकानावरून गेलो.

रांग लागली होती. एका गृहस्थाने चाटूनपुसून लख्ख केलेला डबा पुढे केला.

"सगळं खाल्लं. छान होतं. आता मला काय होणार?"

"आपल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे," सासरे म्हणाले.

एक बाई दुसऱ्याच कंपनीचं चीज घेऊन आली होती. घरात कोणाला आवडलं नाही म्हणे.

"आपल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे," म्हणून त्यांनी तेही ठेवून घेतलं.

मग आम्ही पुढे झालो. सासऱ्यांनी मान वर केली. सासूबाई शेजारीच होत्या, पण सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"आपल्या गैरसोयीबद्दल," ते मला म्हणाले आणि अडले. टेबलावरचा एक डबा उगाच सरळ केला. "मीच आणलं गं ते."

लग्नानंतर माझ्याशी थेट बोललेलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मला रडू आवरेना.

"बाबा, मला आवडायचं म्हणून आणलंत ना तुम्ही," मी म्हणाले.

"ताई, मागे रांग आहे," कोणीतरी ओरडलं.

घरी आल्यावर पुन्हा "तिला सांग, दूध पिऊन घे" सुरू झालं. सवय ती.

कारखाना उघडला, पण डिपचा विभाग पुन्हा सुरू झालाच नाही. लोक घेईनात. झाकणाचं मशीन विकलं आणि सासऱ्यांना गोदामाच्या दारात खुर्ची दिली. आत जाणाऱ्याला सलाम करायचा, बाहेर येणाऱ्याला सलाम करायचा. सासूबाईंनी विचारलं, कसं वाटतं, तर म्हणाले, "बसायला मिळतं." शनिवारी ते रिकाम्या हाताने यायचे आणि पाणी प्यायलासुद्धा फ्रिज उघडायचे नाहीत.

मला खरा ताप शेवटपर्यंत आला नाही. दिवस भरले आणि मुलगी झाली, आल्या आल्या सगळा मजला डोक्यावर घेणारी. बाळाच्या डॉक्टरांनी तिला उलटीसुलटी करून तपासली. काहीही झालेलं नाही, खणखणीत आहे, म्हणाले. ते ऐकून सासूबाईंनी कमरेचा थर्मामीटर काढला आणि खाटेवर बसून मोठ्याने रडल्या.

सासरे दारातच उभे होते. या म्हटल्यावर आले, बूट काढून. बाळाला घ्या म्हटलं तर घेईनात. खाली वाकून नुसते बघत राहिले. तिच्या मनगटाला दवाखान्याची पट्टी होती, तिच्यावर जन्माची तारीख छापलेली. सासऱ्यांनी ती वाचली. मग त्यांचा अंगठा हळूच पुढे आला. मशीन गेलं तशी इतक्या वर्षांची शाईही निघून गेली होती, अंगठा कोणा दुसऱ्याचा असावा तसा कोरा दिसत होता. तो त्यांनी तारखेवरून एकदा फिरवला आणि उजेडात धरून पाहिला.

"पुसत नाही," ते म्हणाले. मलाच म्हणाले.