शुक्रवारचा आकडा

सोमवारी सकाळी चिहारू प्रयोगशाळेत आली, तर तिसऱ्या भट्टीचा तास मोजणारा काटा थांबलेला. आतली बोटाएवढी कांडी तुटून वजन खाली बसलं होतं. नव्याण्णव हजार चारशे बारा तास! नऊशे अंशांच्या धगीत, अंगाला वजन लटकवून, अकरा वर्षं तग धरला. आणि लाख भरायला पंचवीस दिवसही उरले नव्हते, तेव्हा मेलीनं मान टाकली.

ती कांडी तिच्या गुरूंच्या, कुरामोची सेन्सेईंच्या मिश्रधातूची. त्याची पाती केली की गॅस टर्बाइन जास्त तापवता येईल, तेवढ्याच विजेला कमी गॅस जळेल, हा त्यांचा तीस वर्षांचा ध्यास. पण लाख तास टिकली तरच, एक कमी चालणार नव्हता. आणि सेन्सेई इस्पितळात, कर्करोगानं पार खंगलेले. डॉक्टर महिन्याचीही खात्री देईनात. चिहारू दर सोमवारी-शुक्रवारी भेटायला जायची, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: लांबी किती? म्हणजे कांडी मुळापेक्षा किती टक्के लांबली.

बसमध्ये तिनं ठरवून टाकलं, सांगायचं नाही. माणसाला सुखानं जाऊ द्यावं. अशा वेळी सत्य काय चाटायचंय?

"आलीस? तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?" सेन्सेई म्हणाले.

"बसला गर्दी होती." ती नासपती सोलायला बसली.

"लांबी?"

"साडेअकरा टक्के."

"शुक्रवारीही साडेअकराच म्हणालीस."

"हो. तेवढीच आहे."

बोलून गेल्यावर तिला आपली चूक कळली. शेवटच्या दिवसांत कांडी रोज ताणली जाते. तीन दिवस लांबी तीच, म्हणजे मोजायला कांडीच उरली नाही. हे तिला शिकवलं कुणी? त्यांनीच!

"किती तास झाले?"

"नव्याण्णव हजार चारशे बारा."

"वहीत तेवढेच लिहिलेस ना?"

"तेवढेच." तिला रडू आवरेना. "माफ करा, सेन्सेई."

"अगं वेडे, वीस वर्षांत एकदा खोटं बोललीस, तेही धड जमलं नाही." ते हसायला गेले आणि खोकल्याची उबळ आली. तिनं पाणी पाजलं. मग ते म्हणाले, "मला आपलं वाटत होतं, त्या कांडीच्याआधी मी जाईन."

नर्स येईपर्यंत चिहारू त्यांचा हात धरून बसून राहिली.