आतलं माणूस

तिने बाळाला कुशीत ओढलं आणि चमचा हातात धरून वर बघत राहिली. घरगाडीच्या, चाकांवरच्या त्या छोट्या घराच्या, वरच्या बिछान्यावर उताणं पडलं की छत नाकापासून हातभर अंतरावर येई. बाहेर बाबांनी नळी सोडली. पाणी आधी गाडीच्या कडेवर सपसपलं, मग हळूहळू वर सरकत छतावर वाजू लागलं.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय!"

"मग बोलू नकोस. बघ."

या कुटुंबात गाडीचं छत तपासायची हीच रीत होती. एकाने बाहेरून पाणी मारायचं, दुसऱ्याने आत पडून बघायचं, थेंब दिसला की चमच्याने छत ठोकायचं. आत कायम आई असायची. मग आई गेली, मागोमाग बाबांचे गुडघेही गेले. शिडी चढणं बंद झालं तशी त्यांनी गाडी विकायला काढली.

गाडी तिला हवी होती. मागितलीही होती.

"चालवायला काय, कोणालाही येते," बाबा म्हणाले होते. "छताचं काय करणार?"

"वर ताडपत्री टाकून ठेवू की," नवरा मदतीला धावला आणि सगळंच बिघडलं.

"ताडपत्रीखाली ओल कुजते! गाडीवर छत्री धरणारा जावई मिळालाय मला."

एक दंतवैद्य गाडी बघून गेला होता. उद्या सकाळी व्यवहार पक्का करायला यायचा होता. म्हणून काल, बाळ झोपल्याचं बघून, ती स्वतः शिडी चढली. छतातल्या हवेच्या खिडकीभोवतीचं फटी बुजवणारं तडकलेलं सीलंट खरवडून तिने नवं भरलं. बाबा खाली शिडी धरून उभे होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "उद्या पाणी मारून बघू," एवढंच.

आता त्याच खिडकीच्या चौकटीच्या कोपऱ्यात काहीतरी चमकलं. तिला वाटलं, स्क्रूचं डोकं असेल. मग ते हळूच फुगलं.

तिने बोटाने थेंब टिपला. थोड्या वेळाने दुसरा आला.

बाहेर बाबा खोकले. नळीची धार एका जागी स्थिर होती. एवढासा थेंब, पुसला तर कुणाला दिसणार होता? गाडी हातात आली की सावकाश दुरुस्त करता आलं असतं. तिने चमचा उशीवर ठेवला. बाळाने मान वर करून नव्या थेंबाकडे बघितलं आणि तो पकडायला मूठ उघडली.

तिने चमचा उचलला आणि ठोकलं.

पाणी थांबलं.

"कुठे?"

"मी भरलंय तिथेच."

बाळाला बाबांच्या कडेवर देऊन ती वर चढली. कोपरा नखाने उचकटला तर नव्या सीलंटखाली जुनं तसंच होतं, काळपट, भेगाळलेलं.

"या कोपऱ्यात खरवडलंच नाही, जुन्यावरच नवं थापलंय, बाबा."

"का?"

"हा उठला होता. रडत होता."

बाबांनी नातवाकडे वळून पाहिलं. "म्हणजे खरे आरोपी साहेब आहेत तर."

"त्याला कशाला? हात माझा होता."

नातू बाबांचा चष्मा ओढत होता, तो त्यांनी ओढू दिला.

"खरवड मग. घाई करू नकोस, साहेब माझ्याकडे आहेत. आणि पुरतं कोरडं झाल्याशिवाय नवं लावायचं नाही."

ती पट्टीने खरवडू लागली. खाली आजोबा-नातवाचं काहीबाही चाललं होतं. मध्येच बाबा म्हणाले, "तुझ्या आईने एकदा ठोकलं नव्हतं."

तिचा हात थांबला.

"दिवसभर उन्हात राबलो होतो मी. तिला थेंब दिसला, पण माझी दया आली. म्हणाली, सगळं छान आहे, या जेवायला. पुढच्या पावसाळ्यानंतर मागची भिंत बोटाने दाबली तर आत गेली. ओल्या पुठ्ठ्यासारखी."

"मग? भांडलात?"

"भिंत बदलली. भांडणार कुणाशी? ती माझ्याआधीच रडायला लागली." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "त्यानंतर मात्र अशी ठोकायची की पोचे पडायचे छताला. आतून बघ, आहेत अजून."

संध्याकाळी भरलेलं नवं सीलंट रात्रभर सुकलं. सकाळी ती पुन्हा बिछान्यावर जाऊन पडली. बाळ पिता पिता झोपलं. छतावर पाणी वाजू लागलं. तिने कोपऱ्यावर नजर रोखली. कोपरा कोरडा होता. बाजूचा जोड कोरडा होता. पाणी वाजत राहिलं, एकसुरी, मऊ. बाळ जन्मल्यापासून तिला सलग झोप अशी मिळालीच नव्हती. कोपरा कोरडाच होता. मग तो अंधुक झाला.

जाग आली ती गाडीचं दार वाजल्याने. दुसरी कुठलीतरी गाडी, बाहेरची. पाणी बंद होतं.

"काय काका, धुऊनबिऊन तयार ठेवलीत वाटतं!" दंतवैद्याचा आवाज मोठा होता. "उघडता का? पडद्यांचं माप घ्यायचंय, बायकोने सांगितलंय."

"जरा हळू बोला," बाबा म्हणाले.

"का, काय झालं?"

"मालकीण झोपलीय आत."



"मालकीण? अहो, गाडी विकायची होती ना तुम्हाला?"

"होती खरी. तुम्हाला फुकट हेलपाटा पडला, माफ करा. या, आमच्याकडे चहा घेऊन जा. पण इथे नको, आत चला घरात."

पावलं दूर गेली. कोपरा अजून कोरडा होता. तिने बाळाच्या पाठीवरचा हात हलवला नाही आणि उठायच्या ऐवजी पुन्हा डोळे मिटून घेतले.