सोनूबाईच्या हातची नथ

मित्रांनो, लोखंडाला काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे! पण सोन्याची तार किती दाबली की वळते आणि किती दाबली की तुटते, हे मला चांगलं कळतं. मी गोल तोंडाची एक छोटी पक्कड. आता जुनी झाले, गंजले, आणि खरं सांगायचं तर मनातून फार दुखावले आहे. म्हणून आज बोलते.

सन एकोणीसशे बावीस-तेवीसच्या सुमारास रेवदंड्याच्या एका लोहाराने मला घडवलं. भट्टीत लाल केलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं, पुन्हा ठोकलं. एवढा मार खाऊन शेवटी झाले केवढी, तर वीतभरसुद्धा नाही! नागावच्या अंबाजीने मला हातात घेऊन उघडझाप केली आणि म्हणाला, "ही चालंल. हिचं तोंड गुळगुळीत हाय, खड्याला चरा पडायचा न्हाय." तेव्हा मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

अंबाजी घरी बसून नथी बांधायचा. लोक आपले मोती, लाल-हिरवे खडे आणि सोन्याची बारीक तार घेऊन यायचे. मोत्याला भोक असतं, तो ओवता येतो. खड्याला भोक नसतं. त्याच्याभोवती तार अशी गुंडाळायची की खडा हलता कामा नये आणि तार डोळ्यात भरताही कामा नये. तिथे माझं काम. आसपास कुठेही लग्न ठरलं की मुलीची आई आधी अंबाजीच्या ओटीवर यायची.

आता जे सांगते, ते गावात कुणालाच ठाऊक नाही. थोड्याच वर्षांत अंबाजीची नजर अधू झाली. तारेचं टोक सापडेना, मोती निसटून चटईखाली जाऊ लागले. त्याची बायको सोनूबाई ते शोधून द्यायची. एके दिवशी तिने मला त्याच्या हातातून अलगद काढून घेतलं आणि माजघरात बसून अडलेली नथ पुरी केली. अंबाजीने ती बोटांनी चाचपली. "अगो, ही तर माझ्यापेक्षा बरी झाली!" असं म्हणून तो हसला.

तेव्हापासून काम तिचं आणि नाव त्याचं. गिऱ्हाईक आलं की अंबाजी मला हातात धरून ओटीवर ऐटीत बसायचा. गिऱ्हाईक गेलं की मी आत जायची. सोनूबाई चूल आवरून कामाला बसे, तेव्हा तिच्या बांगड्या माझ्या मुठींवर किणकिणायच्या. "ह्या होळीला सगळ्यांना सांगून टाकतो, हात तुझा हाय म्हणून," असं अंबाजी दरसाल म्हणायचा. "नको, लोक हसतील तुमाला," म्हणून तीच त्याला अडवायची, आणि तोही मुकाट्याने थांबायचा. मला दोघांचाही राग यायचा. पण माझं कोण ऐकतो?

मग एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर अंबाजी हिवतापाने आजारी पडला आणि त्यातच गेला.

त्या वेळी माजघरात एक नथ अर्धी पडली होती. शेजारच्या येसूबाईच्या मुलीची, कमळची. मोती ओवून झाले होते, मधला लाल खडा बांधायचा राहिला होता.

मित्रांनो, इथून पुढचं सांगायला मला जड जातं. आमच्याकडे विधवेचा हात लग्नाच्या वस्तूला लागू देत नाहीत. त्यात नथ म्हणजे सौभाग्याचं लेणं! सोनूबाईचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, तिला कोपऱ्यात बसवलं. जो हात काल चालत होता, तो आज चालेना. बाईला जीव लावून करावं असं हे एकच काम होतं. ते आता तिच्या हाती राहतं की जातं, याचा मला घोर लागला.

तेरावा झाल्यावर येसूबाई आली. जरा रडली, जरा थांबली, मग हळूच म्हणाली, "सोनू गो, विचारू नये, पण कमळचं लगीन तोंडावर आलंय. नथ झाली व्हती का अंबाजीच्या हातून?"

सोनूबाईला पेच पडला. खरं सांगावं, तर मेलेल्या नवऱ्याला गाव खोटा म्हणणार. आणि सांगूनही हिच्या हाती पुन्हा कोण नथ देणार?

"झालीय," ती म्हणाली. "पुसून ठेवते. उद्या ने."

येसूबाई गेली तशी तिने दार लोटलं, खिडकीतल्या उन्हात बसली आणि मला उचललं. बांगड्यांचा आवाज नव्हता. "देवा, माझ्या हातानं पोरीचं वायट न्हाय ना व्हायाचं?" ती पुटपुटली. तिचाही त्या समजुतीवर विश्वास होता हो, तेच तर वाईट! पण काम अर्धं टाकणंही तिला जमेना. तिने खड्याभोवती तार वळवायला घेतली. शेवटचा फेरा राहिला होता, तेवढ्यात तिच्या दिराची, नामाची, अंगणातून हाक आली. तिने घाईघाईने टोक मुडपलं आणि नथ डबीत लपवली.

कमळचं लग्न झालं. सोनूबाईला कुणी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी येसूबाई दारातूनच सांगू लागली, "सगळं वऱ्हाड बघत राह्यलं गो! अंबाजीचा हात तो अंबाजीचा हात. आता अशी नथ व्हायाची न्हाय." सोनूबाईच्या चेहऱ्यावर क्षणभर हसू आलं आणि गेलं. "व्हय गो," एवढंच ती म्हणाली.

त्यानंतर नामाने मला वाडीच्या कुंपणाला जुंपलं. मी, सोन्याची तार वळवणारी, आता काटेरी तार ओढू लागले! माझ्या गुळगुळीत तोंडाला खाचा पडल्या. तेलाचा थेंब कुणी दिला नाही. खाऱ्या वाऱ्याने मला गंज चढला.

संक्रांतीला कमळ माहेरी आली. नथीतला खडा हलत होता. पक्कड याच घरात, म्हणून मायलेकी इथे आल्या. "नामा, एवढा खडा आवळून दे बाबा," येसूबाई म्हणाली.

सोनूबाई उंबऱ्याआड बसली होती. ती एकदम पुढे सरकली आणि हात पुढे केला. "द्या हिकडं, मी करते. जरासंच काम हाय."

येसूबाईने नथ पदराखाली घेतली. "रागावू नको, सोनू. पोर नव्या लग्नाची हाय. तू हात नको लावूस."

"काकीला येत असंल तर देऊ या ना," कमळ म्हणाली.

"तू गप बस!"

सोनूबाईने हात मागे घेतला. नामाने मला उचललं. मनाचा तो वाईट नाही, पण त्याची मूठ कुंपणाची. मी काय करू शकत होते? त्याने दाबलं आणि कट्कन आवाज झाला. लाल खड्याला उभी चीर गेली. कमळ रडायलाच लागली.

येसूबाईने कपाळावर हात मारला. मग सोनूबाईकडे वळून ती अगदी मायेने म्हणाली, "बरं तरी तू हात न्हाय लावलास गो. न्हायतर लोकांनी तुझ्याच माथी मारलं असतं."

"खरं हाय," सोनूबाई म्हणाली.

मित्रांनो, माझा गंज तुम्ही घासून काढाल, तेल द्याल, तुमचे उपकार होतील. पण आधी मला हाती घेऊ नका. उंबऱ्याआड एक बाई बसली आहे. तिची बोटं दिवसभर पदराचं टोक गुंडाळतात, सोडतात, पुन्हा गुंडाळतात. तिला कुणीतरी काम द्या.