अकराच्या आत आंघोळ

सोमवारी झऱ्यापाशी पर्यटकांच्या तंबूंच्या पार्काचं फाटक बसलं आणि त्या दिवसापासून मनगटात पिवळा पट्टा नसलेल्या माणसाला झऱ्याचं पाणी भिजवेनासं झालं.

भिवराबाईनं रोजच्यासारखा हंडा बुडवला. हंडा गुडगुडला, भरला, जडही झाला. वर काढला तर आत टिपूस नाही. तिनं कोपरापर्यंत हात घातला. पाणी हाताच्या चहूबाजूंनी नखभर अंतर राखून वाहत राहिलं, सोवळ्यातल्या बाईसारखं. शेजारी तंबूत उतरलेली एक मुलगी तोंड धूत होती. तिच्या मनगटात पट्टा होता आणि तिच्या हनुवटीवरून पाणी निथळत होतं.

"सिस्टीमच तशी आहे, मावशी," नाईकनवरे म्हणाला. तो पार्काचा मॅनेजर. "मी नाही लावली. वरून आली."

"वरून म्हंजे डोंगरातनं?"

"ऑफिसातून."

प्यायच्या पाण्याचं अडलं नव्हतं. कपारवाडीला टँकर लावून दिला होता, त्याच्या पाण्याला डांबराचा वास असला तरी ते भिजवत होतं. अडलं होतं ते दुसरंच. त्याच सोमवारी पहाटे भिवराबाईची सून मंजुळा बाळंत झाली होती. मुलगी. कपारवाडीत जन्मलेलं पोर पाचव्या दिवशी कपारीतल्या झऱ्यावर न्हाऊ घालतात. तोवर ते घरचं नसतं, पाहुणं असतं. त्याला नाव ठेवत नाहीत, अरेतुरे करत नाहीत. रडलं तर "बसा, दूध घ्या" म्हणतात. झऱ्याचं पाणी डोक्यावरून गेलं की ते वाडीचं झालं, मग त्याला खुशाल शिव्या घालाव्यात.

आणि पार्काच्या फाटकावर एकच नियम रंगवलेला होता. पाहुण्यांनी सकाळी अकरा वाजता निघावे.

तो नियम कुणाला पाळावा लागत नसे. अकराची घंटा झाली की तंबूतल्या माणसांचे पाय आपोआप चालू लागत. चहा तोंडाशी असो की दाढी अर्धी झालेली असो, पाय फाटकाकडं निघत आणि वरचं अंग मुकाट त्यांच्या मागं जाई. एकदा गेलेलं माणूस परत आलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

मंगळवारी भिवराबाईचा नवरा कोंडाजी म्हणाला, "एक पट्टा घालतो, हंडाभर पाणी आणतो, पट्टा तोडून फेकतो. त्यात एवढं काय?"

अर्ध्या तासानं तो भरला हंडा घेऊन आला आणि दारात उभा राहिला. हंड्यातलं पाणी त्यानं सावकाश स्वतःच्या पायांवर ओतून घेतलं.

"किती गार आहे," तो म्हणाला. "मावशी, हे घर आतून बघायला मिळेल का?"

"तीस वर्सं ज्यात घोरलास ते घर?"

"शेणाचा वास काय छान येतो ना," कोंडाजी म्हणाला आणि चुलीचा फोटो काढू लागला.

तिनं त्याला खाली पाडला आणि पट्ट्यावर विळा घातला. विळा वाकला. बुधवारी घंटा झाली तसे त्याचे पाय निघाले. जाताना त्यानं तिला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. लग्नापासून त्यानं असा नमस्कार कधी केला नव्हता. ती त्याला फाटकापर्यंत शिव्या देत गेली, आणि तो मागं वळून वळून हसत होता, भाषा न कळणाऱ्या माणसासारखा.

कुंपण रोज पुढं सरकत होतं. कुणी खांब उपटताना दिसत नसे, सकाळी ते पुढं असे, एवढंच. बुधवारी ते वाडीच्या चिंचेशी होतं, गुरुवारी भिवराबाईच्या अंगणात. शुक्रवारी ती उठली तेव्हा रांजण कुंपणाबाहेर होता आणि चूल, पाळणा, बाळंतीण, सगळं आत. म्हणजे घर पार्कात आलं. घरात एक पाहुणी होती. आणि त्या दिवशी बाळाचा पाचवा दिवस.

नऊ वाजता नाईकनवरे आला. त्याच्या तळहातावर अंगठीएवढा पिवळा पट्टा होता.

"बाळासाठी मुद्दाम लहान करून घेतला," तो म्हणाला. "घाला, मजेत आंघोळ घाला."

"आणि अकरा वाजता?"

"मावशी, तुमच्याच रीतीनं ती पाहुणी आहे. मी थोडंच म्हणतोय?"

"आमच्या रीतीनं ती आंघोळीपुरती पाहुणी हाय. तुमच्या रीतीनं जन्माची." भिवराबाईनं पदर खोचला. "पाच दिवसांचं लेकरू पायांनी चालत फाटकाबाहेर गेलेलं मला बघायचं नाय. निघा."

मंजुळेला ती म्हणाली, "मी कपारीत जाते. पावणेअकराला पोरीला घेऊन ये. कुणाचं ऐकू नको."

झरा कपारीच्या टोकाला, खडकाच्या एका फटीतून येतो. फट माणसाच्या पाठीएवढी. भिवराबाईनं चार दिवस विचार केला होता आणि तो विचार साधा होता. जे पाणी मला शिवत नाही, ते मला ओलांडणार कसं? एक तर तुंबेल, नाहीतर शिवेल. ती फटीत पाठ घालून बसली, पाय समोरच्या खडकाला लावले. पाणी थांबलं.

थोड्या वेळानं डोक्याला साबण लावलेली माणसं कपारीत येऊ लागली. त्यांनी तिचे फोटो काढले, मग तंबूतले नळ बंद असल्याचं सांगितलं, मग पुन्हा फोटो काढले. त्यांच्या मागून नाईकनवरे आला.

"मॅडम," तो म्हणाला.

"सकाळच्या मावशीची मॅडम झाले की."

"तुम्ही पाणी अडवलंय."

"मी नुसती बसलेय. त्याला म्हणावं, शिवून जा."

"ते नियमात नाही."

"मग नियमाला म्हणावं, तू पण बस. जागा हाय."

जागा नव्हती. फट आवळत चालली होती. आधी खडक तिच्या दंडांना टेकला, मग खांद्यांना, मग कानांना. आता उठायचं म्हटलं असतं तरी तिला उठता आलं नसतं. हे तिनं नाईकनवरेला सांगितलं नाही. पाठीमागं पाणी उभं राहत होतं. कमरेएवढं, माणसाएवढं, मग डोंगराएवढं. तिच्या चोळीपासून नखभर अंतरावर ते थांबून होतं आणि त्याचा गारवा तिच्या मणक्यात उतरत होता. डोंगर आतून करकरला.

"सगळं फुटेल," नाईकनवरे हळू म्हणाला.

"फुटू दे."

मंजुळा उशिरा आली. कुंपण घर सोडून पाहुणीच्या मागोमाग कपारीच्या तोंडापर्यंत माघारी आलं होतं. तिच्या पदरात बाळ होतं, उघडं, डोळे मिटलेलं. नाईकनवरे आडवा झाला.

"आत फक्त पट्टेवाले."

"सरक," मंजुळा म्हणाली. "बाळंतिणीचा इटाळ लागंल. पाच दिवसांची हाय मी, अजून न्हालेली नाय. घरी आईला काय सांगशील?"

नाईकनवरे बाजूला झाला. चार पावलं झाला. साबणवालेही भिंतीला चिकटले.

"आत्याबाई, पाहुण्या आल्यात."

"बसा म्हणायला वेळ नाय. किती वाजले?"

"दहा एकोणसाठ," साबणवाल्यांतला एक म्हणाला, आणि त्याचा एक पाय आधीच फाटकाकडं वळला होता.

भिवराबाईनं हात वर केले. खडकानं त्यांना तेवढीच वाट ठेवली होती. तिनं नातीला घेतलं, कानाजवळून, मानेवरून मागं नेलं आणि दोन्ही हातांनी त्या उभ्या पाण्यात ढकललं. पाणी तिच्या बोटांपासून नखभर सरकलं. बोटांच्या आत त्यानं काय केलं, ते तिला कळेना. मान वळत नव्हती. मंजुळा पुढं वाकून सासूच्या डोक्यावरून आत बघत होती.

घंटा झाली. कपारीतली सगळी माणसं चालू लागली, आणि पाठीमागं, भिवराबाईच्या कोरड्या हातांत, बाळाचे पाय जोरजोरात हलायला लागले, घंटेनं की पाण्याच्या गारव्यानं, ते हातांना उमगेना.