धुक्यातला गोल

विल्फ ऑर्मरॉड अकरा वर्षं हॅस्लो गावाच्या संघाकडून व्यावसायिक फुटबॉल खेळला, तोही बचावफळीत. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे गोल अडवले, पण ते कोण लक्षात ठेवतो? गावाच्या लक्षात राहिला तो त्याने मारलेला एकुलता एक गोल. कपच्या सामन्यात, पहिल्या विभागातल्या बड्या संघाविरुद्ध. गुडघ्याने दगा दिल्यावर विल्फने पब घेतला. तो निम्मा त्या गोलावरच चालायचा.

गंमत अशी, की तो गोल धड कोणी पाहिलाच नव्हता. त्या दिवशी धुकं इतकं दाट, की प्रेक्षकांना शेजाऱ्याचं नाक दिसेना. खरं तर चेंडू विल्फच्या नडगीवर आपटला, चिखलातून घरंगळला आणि गोलकीपरच्या दोन पायांमधून आत गेला. हे त्या दोघांनाच ठाऊक. पबमध्ये मात्र तो गोल आधी वीस यार्डांवरून झाला, मग तीस, आणि गेल्या ख्रिसमसपासून चाळीस. विल्फने स्वतः कधी आकडा वाढवला नाही, पण वाढवणाऱ्याला अडवलंही नाही. माणूस लबाड नव्हता हो, पण कौतुक कोणाला कडू लागतं?

एका शनिवारी दुपारी दार उघडून एक उंच, टकला माणूस वाकून आत आला. हात सुपाएवढे. विल्फ ग्लास भरता भरता बघतच राहिला. सिरिल टनिक्लिफ! तोच गोलकीपर.

"विल्फ, ग्लास भरून वाहतोय!" बायको, एनिड, खेकसली. "बिअर काय फुकट येते?"

तोवर म्हातारा सेथ खुर्चीवरून उठलाही होता. तीस यार्डांचे चाळीस त्यानेच केले होते.

"अरे, हा तर टनिक्लिफ! ये गड्या, बस. आता तूच सांग सगळ्यांना. आमच्या विल्फने किती लांबून मारला होता? चाळीस ना?"

सगळ्या माना सिरिलकडे वळल्या. विल्फला वाटलं, संपलं. उद्यापासून पोरंटोरंसुद्धा नडगी दाखवून हसतील. अकरा वर्षांच्या खेळातलं गावाने जपलेलं एवढंच होतं, तेही आता जाणार.

सिरिलने सावकाश एक घोट घेतला, मिशी पुसली.

"चाळीस?" तो म्हणाला. "कोण म्हणतं चाळीस? साठाच्या खाली नव्हता. चेंडू दिसायच्या आत जाळं हललं होतं."

पब डोक्यावर घेतला लोकांनी. त्या गोंधळात विल्फने त्याला मागच्या खोलीत ओढलं.

"सिरिल, अरे, तो माझ्या नडगीला..."

"हळू बोल, लेका! माझाही पब आहे, स्टोकला. असला तोफगोळा झेलायला उभा राहिलो म्हणून लोक मला बिअर पाजतात. पायांमधून गेलेल्या चेंडूवर कोण पाजेल? आमच्याकडे कधीच साठ झालेत, आणि तुम्ही इकडे चाळीसच सांगत बसलाय. उद्या आमच्याकडचा कोणी इथे आला तर मी काय तोंड दाखवू?"

विल्फला इतकं हलकं वाटलं, की त्याने त्या धिप्पाड माणसाला मिठीच मारली.

दोघं बाहेर आले तेव्हा सेथ कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काय रे विल्फ, साठ होते तर मग आम्ही चाळीस म्हणायचो तेव्हा बोलला का नाहीस?"

विल्फने नवा ग्लास भरायला घेतला.

"स्वतःच्या तोंडाने किती सांगायचं, सेथ?"