एकल, साठ मिनिटं

"लोकांना या वयात गुडघ्याचं ऑपरेशन सुचतं, ह्यांना एम.ए. सुचलंय," खिडकीमागचे कारकून शेजारच्या कपाटाला सांगावं तसं पुटपुटले.

बाई त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, हातात दोन कागद घेऊन उभ्या होत्या. कानावर तर त्यांचं पोट चालत होतं.

"ऐकू आलं हं."

"यावं म्हणूनच म्हटलं. एक रजेचा अर्ज, एक प्रवेशाचा. तारीख तीच, सही तीच. म्हणजे प्रवेशपरीक्षेच्या दिवशी साथीला तुम्ही नाही, कारण परीक्षेलाच तुम्ही! बाकीच्या अठरा पोरांना साथ कोण करणार? मी, ह्या शिक्क्यांवर?"

"करा की. ताल बरा आहे तुमचा. रोज ऐकते."

कारकुनांनी शिक्का जरा जास्तच जोरात हाणला, पण हसू काही त्यांना लपवता आलं नाही.

संगीत विभागात बाईंना सगळे 'साथवाल्या बाई' म्हणत. कुणी गाणारं असो, व्हायोलिन वाजवणारं असो नाहीतर बासरीत फुंकणारं, पाठीमागे पियानोवर बाई. तेवीस वर्षं हेच. एम.ए.ला काय लागतं ते विभागप्रमुखांना माहितीपत्रक उघडून बघावं लागे, बाईंना तोंडपाठ होतं. आत शिरायला कुठलीही पदवी, स्वरलिपीचा कागद समोर न ठेवता वीस मिनिटं वादन आणि दहा मिनिटं मुलाखत. बाहेर पडायला दोन वर्षं, आठ पेपर, एक प्रबंध आणि सगळ्यात शेवटी मोठ्या सभागृहात साठ मिनिटांचा एकल कार्यक्रम. या साठ मिनिटांच्या आधी बाथरूममध्ये रडणाऱ्या पोरींना बाईंनी रुमाल दिले होते. दोन ओळी गाळून पुढे पळालेल्या गायकाला परीक्षकांच्या नकळत मानगूट धरून जागेवर आणलं होतं. दोनशेच्या वर माणसं त्यांनी अशी पैलतीराला लावली. त्यातली काही आता त्याच विभागात शिकवत होती आणि बाईंना 'अहो बाई, तो हीटर जरा बंद करता का' म्हणत होती.

बाई स्वतः मात्र काठावरच. पदवीच नव्हती. ती दोन वर्षांपूर्वी घरबसल्या मिळवली, भूगोलात. भूगोलच का, तर वाचनालयात त्या विषयाची पुस्तकं कुणी नेत नसे, हवी तेव्हा सापडत.

कारकुनांनी अर्जावर बोट फिरवलं. "'यापूर्वीचे एकल कार्यक्रम.' हे कोरं सोडलंत."

"नाहीत म्हणून."

कारकून काही विनोद करणार होते, तो त्यांनी गिळला. "एक रेघ मारा तिथे," ते हळू आवाजात म्हणाले. "कोरं दिसलं की अर्ज परत येतो."

बाईंनी रेघ मारली. तेवीस वर्षांची रेघ, करंगळीएवढीसुद्धा भरली नाही.

टाळ्यांचंही एक शास्त्र असतं. गाणारा पुढे येऊन वाकतो, पुन्हा वाकतो, मग त्याला आठवण झालीच तर मागे वळून हात करतो. तेव्हा साथ करणाऱ्याने उठायचं. आपणहून उठायची मुभा नाही. काहींना आठवण होतच नसे. मग बाई पियानोचं झाकण पुसत बसत. तेव्हा त्यांच्या मनात यायचं, एकदा, फक्त एकदाच, साठ मिनिटं माझी. पुढे कुणी उभं नको. जे काय बरंवाईट होईल ते माझं.

ही साथ सुरू झाली ती ताईपासून. ताई गाणारी, बाई धाकट्या, ताईच्या लेखी 'चिमी'. ताई चौदा वर्षांची आणि चिमी नऊ, तेव्हापासून ताईच्या डाव्या खांद्याकडे बघत चिमी वाजवायची. अवघड, उंच जागा आली की आधी ताई नेहमीपेक्षा जरासा लांब श्वास घ्यायची आणि तिचा डावा खांदा किंचित वर जायचा. चिमीचे हात तेवढा वेळ थांबायचे. ताईने एम.ए. केलं तेव्हाची साठ मिनिटंही चिमीनेच वाजवली होती. ताईला मात्र मागे वळून हात करायची आठवण कायम असे. एवढंच नव्हे, ती चिमीला दंडाला धरून ओढतच पुढे आणायची.

चार वर्षांपूर्वी ताईच्या मानेचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आणि आवाजाच्या जागी उरली एक खरखर. लाकडावर पॉलिशपेपर घासावा तशी.

"वेळ लागतो," भावोजी म्हणत. "आज नाही तर उद्या. आवाज कुठे पळून जातोय?" ते सकाळ-संध्याकाळ वाफेचं पातेलं घेऊन हजर. बाईही म्हणत, "तर काय. परवापेक्षा आज बराच मोकळा वाटतोय." ताई मान डोलवी. या एका बाबतीत तिघांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती, आणि ती कुणी थुंकतही नव्हतं, गिळतही नव्हतं.

रोज पाचला कामावरून सुटल्या की बाई ताईकडे जात आणि तिच्या पियानोवर जुन्या गाण्यांची नुसती साथ वाजवत. ताई खुर्चीत डोळे मिटून बसे, ओठ हलत. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा जिन्यात म्हणाले होते, "तुमचं गाणं आमच्याकडे अर्धंच पोचतं हो!" ताई त्यावर पोट धरून हसली होती. बाईंना नव्हतं हसता आलं.

परीक्षेला दहा दिवस असताना बाईंनी लहान सरांना वाजवून दाखवलं. लहान सर म्हणजे विभागातले सगळ्यात तरुण शिक्षक. त्यांच्या स्वतःच्या साठ मिनिटांत व्हायोलिनची तार तुटली होती, आणि नवी चढेपर्यंत बाईंनी एकच आवर्तन अकरा वेळा असं फिरवलं होतं की ऐकणाऱ्यांना ती रचनाच वाटली. ते उपकार सर विसरले नव्हते. वीस मिनिटं त्यांनी मान खाली घालून ऐकलं.

"हात फार सुंदर आहे, बाई," ते म्हणाले. मग बराच वेळ चष्मा पुसला. "पण चार ठिकाणी तुम्ही थांबता."

"चुकते?"

"चुकत नाही, थांबता. कुणासाठी तरी दार उघडून धरावं, तसं. मला कळतंय. पण परीक्षकांना वाटेल, पुढचं आठवेना. आणि पाठ नाही म्हटलं की तिथेच संपलं, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक नसायला काय झालं! या कारणावरून परत गेलेली पोरं त्यांनी मोजली असती तर दोन्ही हातांची बोटं पुरली नसती.

घरी येऊन त्यांनी त्या चार जागांवर पेन्सिलीने खुणा केल्या आणि तालाचं यंत्र लावलं. यंत्र टकटक करत पुढे जाई, बाई मागे राहत. चहा घेऊन बसल्या, पुन्हा वाजवलं. स्वतःला शिव्या घातल्या, पुन्हा वाजवलं. त्या चार ठिकाणी हात आपोआप उचलले जात, कुणी मनगट धरून वर करावं तसे. पाचव्या दिवशी संध्याकाळी ताईसमोर जुनं गाणं वाजवताना त्यांनी मान वर केली. उंच जागा येत होती. ताईचा डावा खांदा किंचित वर गेला. बाईंचे हात थांबले, अगदी तेवढेच.

कळलं ते तेव्हाच कळलं. पण कळून उपयोग काय? का थांबते ते ताईला सांगायचं म्हणजे त्याच्या पुढचंही सांगावं लागलं असतं. बाईंनी पान उलटलं. "आज मोकळा वाटतोय हं घसा," त्या म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी ताई गळ्याला रुमाल गुंडाळून, भावोजींना न सांगता, बरोबर आली. सरावाच्या खोलीत प्रत्येकाला पंधरा मिनिटं मिळत. खोली एवढीशी. पियानो, एक खुर्ची, आणि भिंतीवर पोरांनी खरवडलेली नावं. तेवीस वर्षांत बाई या खोलीत कधी स्वतःसाठी बसल्या नव्हत्या. स्टूलही त्यांना आज परक्याचं वाटलं.

"कागद दे इकडे," ताई खरखरली. "विसरलीस तर मी आहे."

तिने मांडीवर कागद उघडला. बाईंनी सुरुवात केली. बोटं गार होती, तरी हलकी पडत होती. पहिली खूण आली. हात थांबले, आणि पुढे गेले. दुसरी आली. थांबले. बाईंनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. ताई कागदाकडे बघत नव्हती, ती बाईंच्या हातांकडे बघत होती. तिसऱ्या खुणेला तिचा खांदा वर गेला आणि तसाच राहिला.

"थांब," ताई म्हणाली.

बाई थांबल्या.

"ह्या खुणा कशाच्या?"

"कुठे काय. जरा ताल सांभाळायला..."

"चिमे, मला शिकवतेस? तुला वाजवताना मी जन्मभर ऐकलंय." ताईने कागदावर बोट ठेवलं. "हा माझा श्वास आहे. इथे, इथे, आणि इथे. यात गाणं नाही, शब्द नाहीत, तरी तू मला जागा करून ठेवलीस."

बाईंनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "सवय गं. आणि तुझा आवाज आला की आपण पुन्हा बसणारच आहोत ना. भावोजी म्हणतात, हळूहळू..."

दारावर टकटक झाली. कारकून दार अर्धं उघडून उभे होते. "एकोणीस नंबर," ते सरकारी आवाजात म्हणाले. दोघींकडे पाहून त्यांचा आवाज खाली आला. "या सावकाश. आतले चहा घेताहेत." दार तसंच धरून ते दुसरीकडे बघत राहिले.

बाई उठल्या. ताईने त्यांचा दंड धरला. टाळ्यांच्या वेळी धरायची, अगदी तसाच.

"डॉक्टरांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं," ती म्हणाली. "एकटीला. मी तुमच्यापैकी कुणाला बोलले नाही. तुम्ही दोघं वाट बघत होतात, ते मला बरं वाटायचं. रोज पाच वाजले की बरं वाटायचं." खरखर मध्येच तुटली. पुढचं तिने एकेक शब्द सुटा करून, बाहेर कारकुनांनाही ऐकू जाईल असं म्हटलं.

"माझा आवाज परत येणार नाही, चिमे. माझ्यासाठी थांबू नकोस."