दुसऱ्या घरची सही

पाठवण्याआधी तिनं खडा टाकला.

प्रोग्रॅममध्ये फोनच्या यादीतल्या नोंदी मोजणारी एक ओळ होती. तिथं तिनं मोजणी मुद्दाम एकानं वाढवली. आता फोन शेवटची नोंद वाचून झाल्यावरही पुढं आणखी एक आहे असं धरून चालेल आणि तिथं काहीच न सापडल्यामुळं म्हणेल, ‘रिकामं’. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. पण नीट वाचणाऱ्याच्या दाताखाली ती ओळ आल्याशिवाय राहिली नसती. तिनं बदल पाठवला आणि हात मांडीवर ठेवून पडद्याकडं बघत बसली.

शेजारच्या टेबलावरून टेस्टिंगवालीनं मान वर केली.

“गेला?”

“गेला.”

“आता काय विचारतात बघू. मागच्या वेळी काय होतं गं?”

“या बदलामागची गरज अधिक स्पष्ट करावी.”

“ज्याला दिसत नाही त्याला ऐकू यावं, ही गरज. याहून स्पष्ट काय करणार? चित्र काढून पाठवू?”

टेस्टिंगवाली पुन्हा तपासायला ओळीनं मांडलेल्या आपल्या फोनांकडं वळली.

फोन बनवणाऱ्या चार-पाच कंपन्यांनी मिळून फोन चालवणारी एक सामाईक सिस्टीम उभी केली, तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती. बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या त्या कंपन्या. पण फोनच्या पोटात काय चालावं एवढ्यापुरत्या एका पंगतीला बसल्या होत्या. अट पहिल्यापासून एकच. मूळ सिस्टीमला कुणी एकट्यानं हात लावायचा नाही. एका घरानं बदल लिहायचा, दुसऱ्या घरानं वाचून सही करायची. सही पडली की बदल थेट सिस्टीममध्ये जाऊन बसायचा.

तिच्या वाट्याला आलेलं दुसरं घर म्हणजे सगळ्यांत मोठी कंपनी, आणि त्या घरातला तो एक माणूस. त्याला इकडं सगळे ‘पलीकडचा’ म्हणत. सुरुवातीला त्यानं एकदा घाईत न वाचता सही केली होती आणि दोन्ही कंपन्यांचे फोन चालता चालता गोठले होते. दोघांनीही आपापल्या साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. त्यानंतर त्यानं फोनवर सुचवलं होतं, “यापुढं असं करू. पाठवणाऱ्यानं मुद्दाम एक खडा टाकायचा. वाचणाऱ्याला सापडला नाही, तर त्यानं वाचलंच नाही.” तेव्हापासून त्याचं उत्तर ठरलेलं असे: ‘खडा सापडला. बाकी धान्य स्वच्छ.’ मग ती खडा काढून बदल पुन्हा पाठवी आणि त्यावर सही पडे. त्याचे बदल ती वाचे तेव्हाही तसंच. हा प्रकार दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हता. टेस्टिंगवालीलासुद्धा नाही, कारण खडा कधी तिच्यापर्यंत पोचतच नसे.

मग त्या मोठ्या कंपनीनं बाकीच्यांचे सिस्टीममधले हिस्से विकत घेतले. सगळ्यांनी विकले. तिच्या साहेबांनीही विकला, वर त्या दिवशी सगळ्यांना गोळा करून भाषण केलं.

“विहीर सामाईकच राहणार आहे. फक्त रहाट त्यांच्या अंगणात गेला, एवढंच. उलट आपली देखभाल वाचली.”

“पाणी ओढायला त्यांच्या अंगणात जावं लागेल ना पण?” मागून टेस्टिंगवाली बोलली होती.

“जायचं. शेजारी आहेत, वाघ नाहीत.”

वाघ नव्हतेच ते. वाघ असते तर बरं झालं असतं. पलीकडून कधी नकार आला नाही. प्रश्न आले. सौजन्यानं आले, आभार मानून आले. एकाचं उत्तर दिलं की दुसरा यायचा, दुसऱ्याचं दिलं की पहिलाच वेगळे कपडे घालून यायचा. त्या प्रश्नांखालचं नाव अजून पलीकडच्याचंच होतं, पण भाषा त्याची राहिली नव्हती. तरी प्रत्येक उत्तराच्या तळाशी न चुकता एक ओळ असे, खडा सापडला. तेवढ्यावरून ती ओळखे की वरचं कुणी लिहवून घेतलंय आणि खालचं त्यानं स्वतः लिहिलंय.

अडकला होता तो बदल तसा छोटा. पडद्यावर जे काही उमटतं ते सिस्टीमनं बोलणाऱ्या प्रोग्रॅमला सांगायचं, इतकंच. सिस्टीमच्या जुन्या आवृत्तीत त्यासाठी एक खिडकी होती. नव्या आवृत्तीत ती बुजली होती. खिडकी उघडली नाही तर नवे फोन मुके निघणार होते. बोलता फोन फक्त तिचीच कंपनी बनवायची. खप थोडा होता, पण जे घेत ते दुसरा घेऊच शकत नसत.

त्यातली एक तिच्या घरात होती.

“तुझी फोनमधली बाई आज पुन्हा अडखळली,” संध्याकाळी ती चपला काढते तोच आई म्हणाली. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. दिवा लावलेला नव्हता; तिला त्याची गरज उरली नव्हती. “डॉक्टर म्हणायच्या ऐवजी डॉक डॉक करत बसली. मी म्हटलं, बाई गं, दार ठोठावतेस की नाव सांगतेस?”

“बाईचं नाही काही, आई. फोन म्हातारा झालाय.”

“मी झाले नाही का? मी अडखळते का?”

आईनं उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. काचबिंदूनं नजर गेली तेव्हा ती रडली नाही, म्हणाली होती, ड्यूटीवर तरी मी कुणाचं तोंड बघत होते? फोन तिच्या हातात असला की ती कुणाला काही मागत नसे. बटणावरचे आकडे पार पुसून गेले होते आणि बॅटरी फुगल्यामुळं पाठीला रबर लावलं होतं. सर्व्हिस सेंटरवाल्यानं हात जोडून सांगितलं होतं, याचे भाग आता येत नाहीत, नवा घ्या.

“तुझा तो नवा कधी येतोय?”

“सही अडलीय एक.”

“कुणाची?”

“दुसऱ्या कंपनीतल्या माणसाची.”

“मग त्याला फोन कर. माणूस चांगला आहे म्हणाली होतीस ना?”

“चांगला आहे, म्हणून तर काही बोलत नाही.”

आईनं मान हलवली. तिनं आईची हनुवटी वर करून डोळ्यांत थेंब घातले, आधी डावा, मग उजवा. थेंब जिरेपर्यंत आई डोळे मिटून बसली.

त्यानंतर काही दिवस पलीकडून काहीच आलं नाही. प्रश्नही नाही. आणि मग एका दुपारी टेस्टिंगवालीनं टेबलावर दोन्ही हात आपटले.

“आल्या! सगळ्या आल्या!”

ऑफिसभर खुर्च्या सरकल्या. कॅमेऱ्यावाल्यांचा बदल, बॅटरीवाल्यांचे दोन, पार गेल्या वर्षी पाठवून सगळे विसरून गेलेला घड्याळाचा बदलसुद्धा; सगळ्यांवर सह्या पडल्या होत्या. कुणी शिट्टी मारली. बॅटरीवाला, जो महिनोन्‌महिने पलीकडच्यांचा उद्धार करत होता, तो म्हणाला, “माणसं वाईट नव्हती हो, मनुष्यबळ कमी असेल.”

तिनं आपला बदल उघडला. सही होती. पलीकडच्याचंच नाव होतं. तळाशी काही लिहिलेलं नव्हतं. ती मोजणीच्या ओळीपर्यंत खाली गेली.

खडा तसाच होता.

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. मग जिन्यात जाऊन तिनं पलीकडच्याला फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली.

“बोला,” तो म्हणाला.

“सही पोचली.”

“हो. झालं ना तुमचं काम?”

“तुम्ही वाचलं होतं?”

पलीकडं कुणीतरी खोकी ओढत असल्यासारखा आवाज येत होता. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला.

“वाचलं,” तो म्हणाला. “नीट वाचलं.”

“नेहमीसारखं?”

“नेहमीसारखं.”

तो फोन ठेवेल असं तिला वाटलं, पण त्यानं ठेवला नाही.

“मॅडम, आमच्याकडं आता फार काही बोलायची परवानगी नाही,” अखेर तो म्हणाला. “तुमच्या आई कशा आहेत?”

“बरी आहे.”

“त्यांचा जुना फोन चालतोय अजून?”

“रबर लावून.”

“जपून वापरा म्हणावं,” तो म्हणाला, आणि मग फोन ठेवला.

ती पायरीवर टेकली. भिंतीचा रंग जिथं खांदे घासून गेला होता तिथं ती बोट फिरवत राहिली. जो माणूस अडवणूक चाललेली असतानाही खडा वेचत होता, त्यानं आज तो बघितला आणि जाऊ दिला. ज्या घरात राहायचं नाही, त्या घरातलं धान्य कोण निवडतं?

साहेबांच्या खोलीत नव्या मॉडेलची खोकी छापून आली होती. साहेब एक खोकं उघडून, मिटून, झाकण बरोबर बसतं का ते बघत होते.

“या, या. अभिनंदन. बोलकी झाली म्हणे आपली पोरगी.”

“साहेब, ते ही सिस्टीम सोडतायत.”

“कोण?”

“मालक. मला वाटतं त्यांनी स्वतःसाठी दुसरी धरलीय.”

साहेबांनी झाकण लावलं. “कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

“मग कशावरून?”

तिनं तोंड उघडलं. खड्याची गोष्ट इथं कशी सांगायची ते तिला कळेना. मुद्दाम चूक करून पाठवत होतो, वर्षानुवर्षं, दोघंही. “भांडण थांबलं, त्यावरून,” ती म्हणाली.

साहेब मोकळेपणानं हसले. “भांडण मिटलं म्हणून तोंड पाडणाऱ्या तुम्हीच पहिल्या. अहो, इतके दिवस सही देत नाहीत म्हणून रडलो, आता दिली म्हणून रडायचं?”

“दिली नाही साहेब. टाकून दिली.”

साहेबांचं हसू ओसरलं. खोकं त्यांनी टेबलावर ठेवलं आणि ते कडेशी समांतर येईपर्यंत सरळ करत राहिले. खाली कारखान्यात नव्या मॉडेलची लाइन सुरू झाली होती. जमिनीतून तिची थरथर वरपर्यंत येत होती.

“समजा तुमचं खरं,” ते हळू आवाजात म्हणाले. “मग मी काय करू? दुसरी सिस्टीम आहे आपल्याकडं?”

“नाही.”

“आपला हिस्सा परत मागता येईल?”

“नाही.”

“मग हे खोलीबाहेर बोलू नका. माणसं कामाला लागलीयत, लागू द्या.”

ती जागेवर परत आली. निदान खडा तरी काढावा, म्हणून तिनं ती एक ओळ दुरुस्त केली. या खेपेला नवा खडा टाकला नाही. बदल पाठवला. क्षणभरात पडद्यावर करड्या अक्षरांत उत्तर आलं: ही आवृत्ती पूर्ण झाली असून पुढील बदल स्वीकारले जाणार नाहीत. सहकार्याबद्दल आभार.

“काय झालं?” टेस्टिंगवालीनं विचारलं.

“शेवटी एक चूक राहिली माझी.”

“मोठी?”

“नाही.”

“मग पुढच्या आवृत्तीत काढू,” टेस्टिंगवाली म्हणाली आणि तिच्यापुढं एक नमुना फोन सरकवला. “हा घे. पहिला तुझ्या आईला. हक्कच आहे त्यांचा.”

घरी आईनं नवा फोन दोन्ही हातांत घेऊन आधी वास घेतला. मग अंगठ्यानं बटणांच्या कडा चाचपल्या, पाठ चाचपली. “सडपातळ आहे गं. आणि रबर नाही!” तिनं लेकीनं भरून दिलेली नावं उघडली आणि फोन कानाजवळ नेला.

“थोरली,” फोन म्हणाला. “धाकटी. डॉक्टर. शेजारीण. दूधवाला.”

“वा! कशी खणखणीत बोलते. डॉक डॉक नाही, काही नाही.”

“रिकामं,” फोन म्हणाला.

आईनं भुवया उंचावल्या. एक बटण मागं गेली, पुन्हा पुढं आली.

“दूधवाला. रिकामं.”

“हे रिकामं कोण गं?”

“कुणी नाही, आई. ती यादी संपल्याची खूण समज.”

“यादी संपली तर गप्प बसावं. सांगायचं कशाला?” आईला गंमत वाटली होती. “थांब, लावूनच बघते. कोण उचलतंय बघू.”

“आई, तिथं काही नाहीये.”

पण आईनं बटण दाबलं होतं. फोन कानाशी धरून, मान किंचित कलती करून ती बसली. एक्स्चेंजच्या पाटीपुढं बसायची तशी, ताठ, दुसऱ्या हाताची बोटं मांडीवर तयारीत ठेवून. ती आईसमोर उभी होती. तिच्या हातात थेंबांची बाटली होती, झाकण उघडलेली.

“घंटी नाही,” आई कुजबुजली. “आणि तुटलाही नाहीये.”

“ठेव आता.”

आईनं हात वर करून तिला गप्प केलं आणि ती ऐकत राहिली.